विषय : नाव कमी करण्याबाबत



आपल्याकडे अर्जांमध्ये एक ओळ हमखास येते. ‘विषय : नाव कमी करण्याबाबत.’ मुलीचं लग्न झालं की रेशनकार्डावरून तिचं नाव कमी करायचं असतं. गाव बदललं की मतदारयादीतून करायचं असतं. कुणी वारलं की सातबारावरून करायचं असतं. हेलपाटे होतात, झेरॉक्स निघतात, साहेब जेवायला गेलेले असतात; पण दोन-चार चकरांत नाव कमी होतं. आज मला ज्या कागदाबद्दल बोलायचं आहे, त्यावर नाव पाच मिनिटांत चढतं आणि मग वर्षानुवर्षं उतरत नाही. तो कागद म्हणजे घराच्या कर्जाचा करारनामा. कुणासाठी तरी, किंवा कुणाबरोबर तरी मिळून, आपण त्यावर सही केलेली असते. पुढे नातं बदलतं, भाऊ वेगळे होतात, नवरा-बायको वेगळे होतात, मित्र गाव सोडून जातो. सही तिथेच राहते.

मी वकील नाही आणि बँकेतला माणूसही नाही. मी कविता लिहितो. तेव्हा सुरुवात शब्दापासून करतो.

कर्ज हा शब्द अरबी आहे. जामीनही अरबी. मूळचा शब्द ‘ज़ामिन’, म्हणजे दुसऱ्याची जबाबदारी आपल्यावर घेणारा. हमी हा शब्दही त्याच वाटेने आला. गहाण आणि तारण मात्र इथले. नांदेड काय, लातूर काय, १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. कचेरीची भाषा उर्दू, घराची मराठी नाही तर दख्खनी. त्यामुळे हे सगळे शब्द आमच्या तोंडी इतके मिसळून गेले की कोणता कुठला हे विचारायचं कुणाला सुचत नाही. मराठीत जमीन आणि जामीन यांच्यात फक्त एका कान्याचा फरक आहे. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हा फरक कवीपेक्षा जास्त चांगला कळतो. जामीन राहण्यापायी जमीन गेल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात असतात.

आणि जामीन राहिलेला नाही असा नोकरदार माणूस आमच्या भागात शोधावाच लागेल. शिक्षकांची पतसंस्था असते, कर्मचाऱ्यांची पतसंस्था असते. एकाला कर्ज हवं असलं की दोन सहकारी जामीनदार लागतात. आज मी तुला, उद्या तू मला. स्टाफरूममध्ये चहा पिता पिता सह्या होतात. कर्जदाराने हप्ते थकवले की मग जामीनदाराच्या पगारपत्रकात एक नवी कपात दिसू लागते. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात कलम ४९ आहे. सभासदाने तसा करार करून दिला असेल तर त्याच्या पगारातून परस्पर कपात करून संस्थेला देण्याची जबाबदारी मालकावर येते. त्या महिन्यात स्टाफरूममधला चहा कडू लागतो. पण पतसंस्थेचं कर्ज लहान असतं आणि तीन-पाच वर्षांत संपतं. घराचं कर्ज वीस वर्षांचं असतं. वीस वर्षांत माणसाच्या आयुष्यात काय काय बदलेल, हे सही करताना कोण सांगणार?

इथे दोन शब्द वेगळे करून घेऊ. एक जामीनदार, दुसरा सहकर्जदार. जामीनदार कर्ज घेत नाही. मूळ कर्जदाराने फेडलं नाही तर मी फेडीन, असं तो लिहून देतो. सहकर्जदार मात्र कर्ज घेणाराच असतो. पैसे दोघांनी मिळून घेतले, फेडायचेही दोघांनी. हल्ली घराच्या कर्जाला बहुतेक वेळा सहकर्जदारच घेतात. नवऱ्याबरोबर बायको, बापाबरोबर मुलगा, भावाबरोबर भाऊ. दोघांचं उत्पन्न एकत्र धरलं की कर्ज मोठं मिळतं. शिवाय घर बाईच्या नावावर असावं म्हणून सरकारही उत्तेजन देतं. २०२१ पासून महाराष्ट्रात स्त्रीच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. बायकांची नावं घरावर चढू लागली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण घरावर चढलेलं नाव आणि कर्जावर चढलेलं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मला माझ्या भाचीमुळे नीट समजलं.

माझी भाची नर्स आहे. लग्न होऊन ती लातूरला गेली. तिचा नवरा तिथल्या एका खासगी शिकवणीत नोकरीला होता. लातूर म्हणजे शिकवण्यांचं गाव, तुम्हाला माहीतच आहे. २०१३ मध्ये दोघांनी औसा रोडच्या बाजूला एक फ्लॅट घेतला. कर्ज १६ लाख, मुदत वीस वर्षं. एकट्याच्या पगारावर एवढं बसत नव्हतं, म्हणून तीही सहकर्जदार झाली. सुरुवातीची रक्कम भरायला तिने माहेरचे दागिने मोडले. घर दोघांच्या नावावर झालं. सहा वर्षं हप्ता दोघांच्या पगारातून गेला.

२०१९ मध्ये दोघं वेगळे झाले. तिने खुला घेतला. कारणं सांगण्यात अर्थ नाही. तो वाईट माणूस नव्हता आणि तीही भांडकुदळ नव्हती, एवढं पुरे. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसली. मेहेरचं काय, सामानाचं काय, मुलगी कुणाकडे राहणार, सगळं ठरलं. फ्लॅट त्याने ठेवायचा आणि पुढचे हप्ते त्यानेच भरायचे, तिने कशावरही हक्क सांगायचा नाही, असंही ठरलं. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर ते लिहिलं गेलं, साक्षीदारांनी सह्या केल्या. समजूतदारपणे सगळं मिटलं म्हणून लोकांनी समाधान मानलं. त्या बैठकीत सगळे होते, फक्त एक पक्ष नव्हता. ज्याचे पैसे होते, ती बँक.

भाची मुलीला घेऊन नांदेडला आली, दवाखान्यात नोकरीला लागली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि लातूरच्या शिकवण्या बंद पडल्या. तिच्या नवऱ्याचा पगार थांबला. रिझर्व्ह बँकेने त्या वर्षी ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते लांबवण्याची मुभा दिली होती, तोवर निभावलं. पुढे काही हप्ते थकले. इकडे तिला याची खबर नव्हती. २०२१ मध्ये देगलूर नाक्याकडे दोन खोल्या विकत घ्याव्यात म्हणून ती कर्ज मागायला एका बँकेत गेली. साहेबांनी कॉम्प्युटर बघितला आणि म्हणाले, “मॅडम, तुमच्या नावावर अगोदरच एक गृहकर्ज आहे. आणि ते थकलेलं दिसतंय.”

ती म्हणाली, “ते माझं नाही.”

साहेब म्हणाले, “सही तुमची आहे ना?”

त्या दिवशी संध्याकाळी ती आमच्या घरी आली. पर्समधून तो स्टॅम्पपेपर काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, “मामू, घर त्यांचं, हप्ता त्यांचा, असं सगळ्यांसमोर लिहिलंय. मग कर्ज माझं कसं?”

श्रोतेहो, तिच्या या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे हाती आलं, तेच आज तुम्हाला सांगतो आहे.

आपल्याकडे भारतीय करार कायदा आहे, १८७२ सालचा. दीडशे वर्षांहून जुना, पण बँकेच्या प्रत्येक कर्जाच्या मुळाशी तोच आहे. त्याचं कलम ४३ असं सांगतं की, अनेकांनी मिळून एक वचन दिलं असेल, तर वेगळा करार नसताना ते वचन पुरं करून घेण्यासाठी समोरचा माणूस त्यांच्यापैकी कुणाही एकाला धरू शकतो. म्हणजे दोघांच्या नावावर घर असलं तर घर अर्धं अर्धं असू शकतं. कर्ज मात्र बँकेच्या दृष्टीने प्रत्येकाचं पूर्ण असतं. एकाने भरलं तर तो दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागू शकतो, पण ते त्या दोघांचं आपसातलं प्रकरण. बँकेला त्याच्याशी देणंघेणं नाही.

जामीनदाराचंही तेच. कलम १२८ म्हणतं की, करारात दुसरं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. अनेकांचा समज असतो की आधी कर्जदाराची मालमत्ता विकतील, मग उरलं तर आपल्याकडे येतील. सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस बँक ऑफ बिहारच्या एका खटल्यात हा समज खोडून काढला. आधी कर्जदाराच्या मागे लागून दमा आणि मग जामीनदाराकडे या, असं धनकोला सांगता येत नाही. तसं असतं तर जामीन घेण्यात अर्थच काय राहिला, असा त्यामागचा विचार.

मग ‘मी आजपासून जामीन राहत नाही’ असं पत्र बँकेला दिलं तर? कलम १३० खाली चालू स्वरूपाची हमी नोटीस देऊन मागे घेता येते, पण ती पुढच्या व्यवहारांपुरती. घराचं कर्ज तर कधीच उचललेलं असतं. झालेल्या व्यवहाराची हमी पत्राने मागे जात नाही. जामीनदार वारला तरी दिलेल्या कर्जाची जबाबदारी पुसली जात नाही. त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरती ती वारसांकडे येते. बँकेने जामीनदाराला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या तर कलम १३३ त्याला त्या पुढच्या व्यवहारातून मोकळं करतं. पण बँकांचे छापील फॉर्म बघा. अशा बदलांना माझी आधीच संमती आहे, असं बारीक अक्षरात लिहून घेतलेलं असतं.

आणि वाटणीपत्र, घटस्फोटाचा कागद, अगदी कोर्टाचा हुकूमनामा? त्या व्यवहारात बँक पक्षकार नसेल तर तिच्यावर तो बंधनकारक होत नाही. भाचीच्या स्टॅम्पपेपरला किंमत नव्हती असं नाही. तिला भरावं लागलं असतं तर तो कागद दाखवून नवऱ्याकडून मागता आलं असतं. पण बँकेच्या दारात तो चालत नव्हता.

ही सगळी माहिती कॉम्प्युटरवर दिसते कशी, असंही कुणी विचारेल. सिबिल ही संस्था २००० साली सुरू झाली आणि २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा आला. आता प्रत्येक कर्जाची, प्रत्येक हप्त्याची नोंद तिथे जाते. सहकर्जदाराच्या नावापुढेही तेच कर्ज दिसतं, जामीनदाराच्या नावापुढेही. दुसऱ्याने चुकवलेला हप्ता आपल्या नावापुढे लागतो. अगोदर गावात पत असायची ती लोकांच्या तोंडी असायची, आता ती तीन आकड्यांत असते, आणि ते तीन आकडे सबब ऐकून घेत नाहीत.

म्हणजे नाव कमी होतच नाही का? होतं. पण ते बँकेच्या लेखी संमतीनेच होतं. करार तीन पक्षांत झाला असेल तर तो बदलतानाही तिघं लागतात. त्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग, त्याच बँकेत करार बदलून घेणं. मूळ कर्जदार आणि बाहेर पडणारा, दोघांनी मिळून अर्ज करायचा. मग बँक विचारते, राहिलेल्या माणसाला एकट्याला झेपेल का? त्याचा पगार, त्याचं वय, घराची आजची किंमत, आतापर्यंतचे हप्ते वेळेवर आहेत का, सगळं नव्याने तपासते. झेपत नसेल तर बाहेर पडणाऱ्याच्या जागी दुसरा माणूस आणा, किंवा थोडी मुद्दल भरून कर्ज लहान करा, असं सांगते. पटलं तर पुरवणी करारनामा होतो. हे बँकेने केलंच पाहिजे असं नाही. ती नाही म्हणू शकते.

दुसरा मार्ग, जुनं कर्ज पूर्ण फेडून दुसऱ्या बँकेत एकट्याच्या नावाने, किंवा दुसरा साथीदार घेऊन, नवं कर्ज काढणं. यालाच लोक टेकओव्हर म्हणतात. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये बँकांना मनाई केली, तेव्हापासून ही वाट सोपी झाली. जुनं कर्ज बंद झालं की जुन्या सह्याही संपल्या.

तिसरा मार्ग, घर विकून कर्ज फेडणं. मनाला न पटणारा, पण कधी कधी तोच एक उरतो.

इथे एक हिशेब सांगतो. १६ लाखांचं कर्ज, वीस वर्षं, व्याज १० टक्के धरू. हप्ता येतो सुमारे १५ हजार ४४० रुपये. सहा वर्षं बिनचूक भरला तर ११ लाखांच्या वर पैसे जातात. मग कर्ज किती राहतं? पाच लाख? नाही. १३ लाख ९० हजारांच्या आसपास राहतं. पहिल्या वर्षांमध्ये हप्त्याचा मोठा भाग व्याजात जातो, मुद्दल हळू हलते. म्हणून ‘आता निम्मं फिटलंय, बँक नाव सहज काढील’ हा अंदाज चुकतो. वेगळं व्हायची वेळ बहुधा याच पहिल्या वर्षांत येते, आणि बँकेचे पैसे जवळजवळ जसेच्या तसे उभे असतात.

भाचीच्या बाबतीत पहिलाच मार्ग धरला. ती सुट्टीच्या दिवशी पहाटेची एसटी धरून लोहा, अहमदपूर करत लातूरला जायची आणि रात्री परत यायची. पहिला अर्ज बँकेने नाकारला. एकट्याच्या पगारात बसत नाही, आणि हप्तेही थकलेले. शेवटी तिचे जेठ पुढे आले. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. ते म्हणाले, “घर आमच्याकडे राहणार असेल तर ओझंही आमच्याकडेच राहायला पाहिजे.” आधी थकलेले हप्ते भरले गेले. मग तिच्या जागी सहकर्जदार म्हणून त्यांचं नाव घ्यायला बँक तयार झाली.

यात एक वळण मात्र मोठं धोक्याचं होतं, ते मुद्दाम सांगतो. नातेवाइकांपैकी काही जण तिला म्हणू लागले, “तू आधी फ्लॅटवरचा हक्क सोडून दे, म्हणजे बँकेला तुझं नाव काढायला सोपं जाईल.” सांगणाऱ्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं. पण विचार करा, घरावरचा हक्क गेला आणि नंतर बँक नाही म्हणाली, तर? घर नाही आणि कर्ज आहे, अशी गत. एका वकीलबाईंनी तिला सरळ शब्दांत बजावलं, “आधी कर्जातून नाव, मग घरातून नाव. नाही तर दोन्ही एकाच दिवशी.” तसंच झालं. २०२२ मध्ये एका दिवशी सकाळी बँकेत पुरवणी करारनाम्यावर सह्या झाल्या, बँकेचं ना हरकत पत्र हातात पडलं, आणि दुपारी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात तिच्या हिश्श्याचा दस्त नोंदला गेला. सुरुवातीला दागिने मोडून घातलेली रक्कम तिला परत मिळाली.

त्या दस्ताचा मुद्रांक भरताना आणखी एक गोष्ट कळली. महाराष्ट्रात २०१५ पासून राहतं घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा वारलेल्या मुलाची बायको यांना बक्षीस दिलं तर मुद्रांक फक्त २०० रुपये. पण ही सवलत नात्याला आहे. तलाक किंवा खुला झाल्यावर ती दोघं नवरा-बायको राहत नाहीत, मग सवलतही राहत नाही. भाऊ तर त्या यादीत नाहीच. वेगळं होणाऱ्यांनी कागदांचा क्रम आणि वेळ आधीच वकिलाला विचारून घ्यावी, ती यासाठी.

त्यानंतरही तिच्या नावापुढे जुनं कर्ज दोन महिने दिसत राहिलं. अर्ज दिला, पोच घेतली, मग दुरुस्ती झाली. आता याबाबत नियम जास्त कडक आहेत. पतमाहितीतल्या दुरुस्तीची तक्रार ३० दिवसांत मिटली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढला. त्याच वर्षी आणखी एक आदेश निघाला. कर्ज पूर्ण फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये द्यायचे. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी पडत नाही. मात्र त्यासाठी हातात पोच हवी. आवक क्रमांक आणि तारीख नसलेला अर्ज म्हणजे दिलेलाच नाही असं समजा.

कागदाचा एवढा आग्रह धरला की आपल्या लोकांना वाटतं, यात माणुसकी कुठे राहिली? भावाभावांत, नवरा-बायकोत कसला कागद? मला उलट वाटतं. आमच्या दोन्ही परंपरांनी माणुसकी आणि कागद एकत्रच ठेवले आहेत.

हदीसमध्ये एक प्रसंग येतो. एका माणसाचा जनाजा पैगंबरसाहेबांसमोर आणला. त्यांनी विचारलं, याच्यावर कर्ज आहे का? होतं. दोन दिनार म्हणतात, काही कथनांत तीन. मागे ठेवलेलं काही नव्हतं. तेव्हा, तुम्हीच याची नमाज पढा, असं म्हणून पैगंबर बाजूला झाले. त्या वेळी अबू कतादा नावाचे सोबती पुढे आले आणि त्यांनी ते कर्ज आपल्यावर घेतलं. मग पैगंबरांनी नमाज पढली. गोष्ट बहुतेक जण इथे थांबवतात. पण एका कथनात पुढचा भाग आहे. नंतर पैगंबरांनी अबू कतादांना विचारलं की त्या दोन दिनारांचं काय झालं? ते फिटल्याचं कळलं, तेव्हाच मयताला आता थंडावा मिळाला, अशा अर्थाचं ते बोलले. जबाबदारी घेतली म्हणजे संपलं नाही, फिटल्यावर संपलं.

आमच्या धर्मशास्त्रात यावरून दोन वेगळे शब्द आहेत. एक कफालत, दुसरा हवाला. कफालतीत एकाच्या जबाबदारीला दुसऱ्याची जबाबदारी जोडली जाते, पहिला सुटत नाही. हवाल्यात कर्ज एकाकडून उचलून दुसऱ्याकडे दिलं जातं, आणि पहिला मोकळा होतो. आज हवाला शब्द ऐकला की लोकांना भलतंच काही आठवतं. मुळात तो मोकळं करण्याचा शब्द आहे. भाचीच्या बैठकीत सगळ्यांना वाटलं हवाला झाला. प्रत्यक्षात बँकेच्या दप्तरी कफालतच चालू होती. कुराणातही उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, असं सविस्तर सांगितलं आहे. नातं टिकावं म्हणूनच लिहायचं आहे.

आणि दामाजीपंतांची गोष्ट तर तुम्हाला ठाऊकच आहे. महिपतींच्या ‘भक्तविजया’त ती येते. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारं दामाजींनी उपाशी लोकांसाठी उघडली. धान्य बेदरच्या बादशहाचं. बेदर आमच्या उदगीरला लागूनच. बादशहाचं बोलावणं आलं, आणि दामाजींच्या आधी विठोबा विठू महार होऊन दरबारात पोचला. धान्याची सगळी किंमत मोजून दिली. आणि मग काय केलं? पावती घेतली. श्रोतेहो, मला या गोष्टीतली ही पावती फार आवडते. प्रत्यक्ष देव भक्ताचं देणं फेडायला गेला, तरी पावती घेतल्याशिवाय परत फिरला नाही. मग आपण शाखेतून ‘बघतो, करून टाकू’ एवढ्या बोलण्यावर का परत फिरावं?

शेवटी दोन शब्द, दोन्ही बाजूंच्या लोकांसाठी.

ज्यांनी दुसऱ्यासाठी सही केली आहे, त्यांनी करारनाम्याची आणि मंजुरीपत्राची प्रत आपल्याजवळ ठेवावी. वर्षातून एकदा आपला पतअहवाल मोफत मागवता येतो, तो बघावा. दुसऱ्याचा हप्ता थकला तर सर्वांत आधी तिथे कळतं. जामीनदाराला कर्ज भरावं लागलंच, तर त्याची पावती आपल्या नावाने घ्यावी. कारण कलम १४० आणि १४१ प्रमाणे पूर्ण भरणाऱ्या जामीनदाराकडे बँकेचे हक्क आणि तारण येतं, आणि कलम १४५ प्रमाणे योग्य रीतीने भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करता येते. वाटणी, घटस्फोट, काहीही असो, बँक सामील झाल्याशिवाय सुटलो असं समजू नये.

आणि ज्यांच्यासाठी कुणी सही केली आहे, त्यांना थोडं जास्त सांगायचं आहे. ज्याने तुमच्यासाठी नाव दिलं, त्याने पैशापेक्षा मोठी गोष्ट दिली. त्याच्या मुलाच्या शिक्षणाचं कर्ज, त्याचं स्वतःचं घर, सगळं तुमच्या हप्त्याला बांधलेलं आहे. तो लाजेने विचारणार नाही. बहीण असेल तर मुळीच विचारणार नाही. म्हणून त्याने म्हणायच्या आधी तुम्हीच बँकेत जा, अर्ज तुमच्या हाताने लिहा. विषय : नाव कमी करण्याबाबत. बँकेचं पत्र आलं की त्याची एक प्रत त्याच्या घरी नेऊन द्या. शेवटचा हप्ता भरल्याने बँकेचं कर्ज फिटतं. जामीनदाराचं कर्ज त्या पत्राने फिटतं.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)